प्रयोगशाळा, गर्भाशय आणि पडदा : आयव्हीएफ उपचारप्रक्रियेचे तीन चित्रपटांतील चित्रण

बीजसंज्ञा : आयव्हीएफ, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी, वैद्यकीय कथन, चित्रपट समीक्षा, स्त्रीदेह

प्रस्तावना

मराठीत ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की त्यातील दोष आता कोणाच्या लक्षातही येत नाही. या उपचारात परीक्षानळीत मूल वाढत नाही. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचा संयोग बहुधा एका चपट्या, उथळ बशीत घडवून आणला जातो. भ्रूण शरीराबाहेर वाढते ते फार तर पाच-सहा दिवस. पुढील सर्व वाढ गर्भाशयातच होते. ‘इन विट्रो’ या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘काचेत’ एवढाच आहे. परंतु वृत्तपत्रांनी दिलेला हा शब्द केवळ शास्त्रीयदृष्ट्या सैल आहे असे नाही. त्यात नळी आहे, बाळ आहे. स्त्रीचा मात्र उल्लेख नाही. या उपचाराविषयी लोकमानसात जी समजूत तयार झाली आहे तिच्यातही नेमकी हीच उणीव आढळते.

सर्वसामान्य वाचक-प्रेक्षकाला आयव्हीएफ उपचारात काय घडते याचे ज्ञान वैद्यकीय ग्रंथांतून क्वचितच मिळते. ते मिळते जाहिरातींतून, नातेवाइकांच्या कुजबुजीतून आणि चित्रपटांतून. म्हणूनच चित्रपट या प्रक्रियेचे काय करतात, तिच्यातील काय दाखवतात आणि काय गाळतात, हा प्रश्न केवळ कलाविषयक राहत नाही. प्रस्तुत लेखात तपन सिन्हा दिग्दर्शित ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०), समृद्धी पोरे दिग्दर्शित ‘मला आई व्हायचंय’ (२०११) आणि बेन टेलर दिग्दर्शित ‘जॉय’ (२०२४) या तीन चित्रपटांचा या दृष्टीने विचार केला आहे. हे तिन्ही चित्रपट वेगवेगळ्या भाषांतील, वेगवेगळ्या काळांतील व भिन्न कुवतीचे आहेत. तथापि तिघांच्याही मुळाशी एकच वैद्यकीय घटना आहे.

उपचाराचा क्रम आणि कथनाची अडचण

चित्रपटांकडे वळण्यापूर्वी उपचारात प्रत्यक्ष काय घडते ते पाहणे आवश्यक आहे. नैसर्गिक पाळीच्या चक्रात साधारणतः एकच स्त्रीबीज परिपक्व होते. आयव्हीएफमध्ये एकाच वेळी अनेक बीजे मिळावीत म्हणून स्त्रीला सुमारे आठ ते चौदा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने दिली जातात. बीजकोशांची वाढ सोनोग्राफीने वारंवार तपासली जाते. ती पुरेशी झाली की बीज परिपक्व करणारे एक अखेरचे इंजेक्शन ठरावीक वेळी दिले जाते आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी, भूल देऊन, योनिमार्गातून सुई घालून बीजे शोषून घेतली जातात. ही वेळ चुकली तर बीजे हाती लागत नाहीत. काही स्त्रियांच्या बीजांडकोशांना संप्रेरकांचा प्रतिसाद अति प्रमाणात मिळतो, पोटात पाणी साचते व रुग्णालयात दाखल व्हावे लागते.

यानंतरची गोष्ट प्रयोगशाळेतील आहे. बीजे व शुक्राणू एकत्र ठेवले जातात. किंवा १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इक्सी पद्धतीने एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने बीजात सोडला जातो. दुसऱ्या दिवशी फलन झाले की नाही हे पाहिले जाते, तिसऱ्या दिवशी भ्रूण सहा ते आठ पेशींचे होते, पाचव्या दिवशी ते पोकळ गोलाची अवस्था गाठते. प्रत्येक पायरीवर संख्या घटत जाते. दहा बीजे निघाली म्हणजे दहा भ्रूण मिळत नाहीत. सर्व बीजे परिपक्व नसतात, परिपक्व बीजांपैकी सर्व फलित होत नाहीत आणि फलित झालेल्यांपैकी कित्येकांची वाढ मध्येच थांबते. शेवटी एक किंवा दोन भ्रूण बारीक नळीने गर्भाशयात सोडले जातात. ही कृती काही मिनिटांची असते व तिला सहसा भूल लागत नाही. मग सुमारे दोन आठवडे वाट पाहणे. रक्तचाचणी नकारात्मक आली तर, शरीर आणि पैसा यांची तयारी असल्यास, सारे पुन्हा पहिल्यापासून. किंवा गोठवून ठेवलेले भ्रूण असल्यास अर्ध्या वाटेपासून.

हा क्रम पाहिला असता कथनाची अडचण ध्यानात येते. या उपचाराचे मुख्य द्रव्य घटना नव्हे, प्रतीक्षा आहे. त्यात पुनरावृत्ती आहे, मोजदाद आहे, घट आहे. नाट्याला हवा असतो तो संघर्ष आणि त्याची सोडवणूक. येथे मात्र अपयशाला कोणी खलनायक नसतो आणि बहुतेक वेळा ठोस कारणही सांगता येत नाही. त्यामुळे चित्रपट हा मधला काळ ओलांडून एकतर शास्त्रज्ञाच्या छळाकडे किंवा बाळाच्या मालकीच्या वादाकडे वळतो. हा वळसा घेताना नेमके काय गमावले जाते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

‘एक डॉक्टर की मौत’ : एका पर्यायाची किंमत

कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एका मुलीचा जन्म झाला. ती ‘दुर्गा’ या नावाने ओळखली गेली. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउन जन्मली होती. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी. पश्चिम बंगाल शासनाने नेमलेल्या तज्ज्ञसमितीने मुखोपाध्याय यांचा दावा फेटाळला, परदेशात जाऊन आपले काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही आणि पुढे त्यांची बदली नेत्ररोगविषयक संस्थेत करण्यात आली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. रमापद चौधुरी यांनी या प्रकरणावरून ‘अभिमन्यु’ ही कथाकृती लिहिली व तपन सिन्हा यांनी तिच्यावरून चित्रपट केला. उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला आणि पंकज कपूर यांच्या अभिनयाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार लाभला. हे दोन्ही सन्मान सर्वस्वी योग्य होते. नोकरशाहीतील मत्सर, वरिष्ठांचा थंड अपमान, बदलीच्या आदेशातील क्रौर्य यांचे इतके संयत चित्रण हिंदी चित्रपटात विरळाच आढळते.

तथापि या चित्रपटातील डॉ. दीपंकर रॉय आयव्हीएफवर काम करीत नाही. तो कुष्ठरोगावरील लस शोधतो. हा बदल बहुतेकदा तपशिलाचा मानला जातो. वस्तुतः तो चित्रपटाचा आशयच बदलतो.

लस ही एक सिद्ध वस्तू आहे. ती बाटलीत भरता येते, दुसऱ्याला देता येते आणि तिचा शोध दोन परदेशी शास्त्रज्ञांच्या नावावर जमा झाला की चोरीची भाषा वापरता येते. मुखोपाध्याय यांच्या कार्याचा पुरावा मात्र एका स्त्रीच्या देहात आणि तिच्या मुलीच्या अस्तित्वात होता. त्या कुटुंबाला समाजाची भीती वाटत होती, त्यांना प्रसिद्धी नको होती आणि डॉक्टरांनी त्यांची ओळख जपली. ब्राउन दांपत्याची कथा इंग्लंडमध्ये वृत्तपत्राने मोबदला देऊन मिळवली. कलकत्त्यात मात्र मौन राहिले. म्हणजे पुरावा मागणारी समिती आणि रुग्णाचे गोपनीयत्व यांच्यात हा वैद्य सापडला होता. वंध्यत्वाचा कलंक आणि ‘असे’ मूल जन्माला घालण्याचा नवा कलंक या दोहोंचा या शोकांतिकेत प्रत्यक्ष वाटा होता. कुष्ठरोगालाही कलंकाची जोड आहे हे खरे. बहुधा म्हणूनच तो निवडला गेला असावा. परंतु कुष्ठरोग्याचे मौन हे दीपंकरच्या पराभवाचे कारण ठरत नाही. त्याचे शत्रू केवळ कार्यालयात बसलेले आहेत. त्यामुळे समाज, म्हणजे प्रेक्षक, निर्दोष सुटतो.

दुसरी हानी शास्त्राच्या बाजूची आहे. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन एकापेक्षा अधिक बीजे मिळवली, ती योनिमार्गाने काढली आणि भ्रूण गोठवून पुढील चक्रात गर्भाशयात सोडले. त्याच सुमारास ओल्डहॅम येथे संप्रेरकांचा मार्ग सोडून नैसर्गिक चक्रातील एकाच बीजावर भिस्त ठेवली गेली होती आणि ते बीज पोटाला छेद देऊन, दुर्बिणीच्या साह्याने काढले गेले होते. आज जगभर जो उपचार होतो त्यातील बीजांडकोशांचे उद्दीपन, योनिमार्ग आणि गोठवलेले भ्रूण या तिन्ही गोष्टी कलकत्त्याच्या बाजूच्या आहेत. म्हणजे मुखोपाध्याय यांचे समर्थन उपचाराच्या तपशिलातच दडलेले आहे. तपशील वगळून सांगितलेल्या कथेत ते केवळ एक दुर्दैवी प्रतिभावंत उरतात.

दिग्दर्शकावर या बाबतीत सरसकट दोषारोप करणे मात्र अन्यायाचे होईल. १९९० मध्ये मुखोपाध्याय यांच्या दाव्याला अधिकृत मान्यता नव्हती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली मुलगी हीच भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली जात होती. १९९७ मध्ये खुद्द आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासली आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. स्वतःच्या नावावर असलेला मान अशा रीतीने दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची उदाहरणे शास्त्राच्या इतिहासात थोडी आहेत. चित्रपट या घटनेच्या सात वर्षे आधीचा असल्याने त्याला हा उत्तरार्ध ठाऊक असणे शक्य नव्हते.

शीर्षकाच्या बाबतीतही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ‘अभिमन्यु’ या नावात चक्रव्यूह आहे, त्याचबरोबर गर्भही आहे. सुभद्रेच्या उदरात असताना अभिमन्यूने व्यूहभेद ऐकला ही कथा मराठी वाचकालाही लहानपणापासून परिचित असते. गर्भधारणेवर संशोधन करणाऱ्या आणि सहकाऱ्यांनी घेरलेल्या वैद्यासाठी याहून नेमके नाव सुचणे कठीण. ‘एक डॉक्टर की मौत’ या शीर्षकात व्यूह शिल्लक राहिला आणि गर्भ गळाला. शिवाय चित्रपटातील डॉक्टर मरत नाही. परदेशातून आलेले निमंत्रण स्वीकारण्याकडे कथा वळते आणि शीर्षकातील मृत्यू लाक्षणिक होतो. वास्तवातील मृत्यू लाक्षणिक नव्हता.

‘मला आई व्हायचंय’ : दोन आया आणि एक न दिसणारी बशी

समृद्धी पोरे यांचा चित्रपट पूर्णतः वेगळ्या टोकावरून या विषयाकडे येतो. मूल हवे असलेली मेरी ही अमेरिकन स्त्री भारतात येते, यशोदा ही गरीब मराठी स्त्री तिच्यासाठी गर्भ वाढवण्यास तयार होते, गर्भात व्यंग असल्याच्या शंकेने मेरी निघून जाते आणि यशोदा त्या गोऱ्या मुलाला जन्म देऊन माधव म्हणून वाढवते. काही वर्षांनी मेरी परत येते. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या या कथेवरून पुढे ‘मिमी’ (२०२१) हा हिंदी चित्रपट निघाला. मूळ मराठी चित्रपटाची ताकद त्याच्या साधेपणात आहे. उर्मिला कानेटकर यांची यशोदा भाषणे करीत नाही. तिचे मातृत्व तिच्या कामांतून दिसते.

या कथेचा संपूर्ण डोलारा आयव्हीएफवर उभा आहे. मूल गोरे आहे, याचा अर्थच असा की स्त्रीबीज यशोदेचे नाही. भ्रूण शरीराबाहेर तयार करून तिच्या गर्भपिशवीत सोडले गेले आहे. गावात फिरणारे ते गोरे पोर हाच प्रयोगशाळेचा पडद्यावरील पुरावा होय. प्रत्यक्ष उपचाराला मात्र कथेत दुय्यम स्थान आहे. नाट्याला खरी गती गर्भ राहिल्यानंतर येते आणि कळस मूल परत मागितले जाते तेव्हा गाठला जातो.

याचा परिणाम दोन्ही स्त्रियांच्या चित्रणावर होतो. सरोगेट स्त्रीलाही भ्रूणारोपणापूर्वी आणि नंतर संप्रेरके घ्यावी लागतात. परक्या भ्रूणासाठी तिच्या गर्भाशयाचे अस्तर तयार करावे लागते. यशोदेच्या कष्टांत गरिबी, लोकनिंदा, बाळंतपण हे सारे येते. औषधाने घडवलेले हे शरीर येत नाही. मेरीवर तर अधिक अन्याय होतो. बीज ज्या स्त्रीचे असते तिने इंजेक्शने घेतलेली असतात, बीजे काढताना सुई सोसलेली असते आणि बहुधा आधीची अपयशे पचवलेली असतात. हा पूर्वभाग ठळक झाला असता तर मेरीचे पळून जाणे क्षम्य ठरले नसते, पण समजण्याजोगे झाले असते. तो नसल्याने ती पैसे देणारी व माघार घेणारी एवढीच उरते आणि प्रेक्षकाचा निवाडा सोपा होतो.

पात्रांच्या नावांनीही हा निवाडा आधीच देऊन ठेवला आहे. यशोदा आणि माधव ही नावे उच्चारली की मराठी मन कोणाच्या बाजूने जाणार हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु पुराणातील यशोदेने कृष्णाला जन्म दिलेला नाही. प्रसववेदना देवकीच्या आहेत. चित्रपटातील यशोदा मूल वाढवते आणि प्रसवतेही. देवकीच्या वाट्याला केवळ बीज उरते. आयव्हीएफने मातृत्वाची बीज देणारी, गर्भ वाहणारी आणि संगोपन करणारी अशी जी फोड शक्य केली, ती जुन्या कथेत बसत नाही. चित्रपटाने या न बसण्याकडे लक्ष दिले असते तर तो भावनेच्या पलीकडे गेला असता. आज त्या कथेतील व्यवहार कायद्याने शक्य नाही. परदेशी नागरिकांसाठी भारतातील सरोगसी २०१५ मध्ये बंद करण्यात आली आणि सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ अन्वये व्यापारी सरोगसीवर बंदी आली. त्याच वर्षीच्या सहायक जननतंत्रविषयक कायद्याने बीजदान करणाऱ्या स्त्रीला आयुष्यात एकदाच व तिच्याकडून जास्तीत जास्त सात बीजे घेण्याची मर्यादा घातली. ‘न दिसणाऱ्या’ स्त्रीच्या शरीराची गणती चित्रपटाने केली नाही, ती कायद्याने केली, हे विलक्षण आहे.

‘जॉय’ : वहीतील नावे

या पार्श्वभूमीवर ‘जॉय’ हा इंग्रजी चित्रपट विशेष लक्ष वेधून घेतो. लुईस ब्राउनचे मधले नाव जॉय होते. त्यावरून हे शीर्षक आले आहे. लेखक जॅक थॉर्न स्वतः पत्नीसह या उपचाराच्या अनेक फेऱ्यांतून गेलेले आहेत आणि त्याची खूण पटकथेत आहे. रॉबर्ट एडवर्ड्स हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक स्टेप्टो हे शल्यविशारद यांची नावे जगाला ठाऊक होती. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. चित्रपटाने केंद्रस्थानी आणले ते जीन पर्डी यांना. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या पर्डी १९६८ मध्ये एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि पुढे भ्रूणांची देखभाल करण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९८५ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ओल्डहॅम येथील स्मृतिफलकावर त्यांचेही नाव हवे हा एडवर्ड्स यांचा आग्रह त्यांच्या हयातीत मान्य झाला नाही; ते नाव फलकावर २०१५ मध्ये आले.

या चित्रपटाचे खरे सामर्थ्य पर्डी यांच्यापेक्षाही त्यांच्याभोवती जमलेल्या स्त्रियांच्या चित्रणात आहे. स्वतःला ‘ओव्हम क्लब’ म्हणवून घेणाऱ्या या स्त्रिया इंजेक्शनसाठी रांगेत उभ्या राहतात, एकमेकींची चेष्टा करतात, आपल्यापैकी बहुतेकींना मूल होणार नाही हे जाणून प्रयोगाला शरीर देतात. उपचारातील पुनरावृत्ती येथे कथेचा भाग होते. तीच रांग पुन्हा दिसते आणि रांगेतील एखादा चेहरा नाहीसा झालेला असतो. आधीच्या दोन चित्रपटांत जी जागा रिकामी होती ती येथे काही प्रमाणात भरलेली दिसते.

मात्र ‘काही प्रमाणात’ हे शब्द जाणीवपूर्वक वापरावे लागतात. ओल्डहॅमच्या जतन केलेल्या वह्यांच्या अभ्यासातून जे आकडे पुढे आले ते असे : १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रिया, बीजे मिळवण्यासाठीची ४५७ चक्रे, ११२ वेळा भ्रूणारोपण, ५ गर्भधारणा आणि २ जिवंत बाळे. दुसरे बाळ जानेवारी १९७९ मध्ये जन्मले. ४५७ आणि २ या दोन संख्यांमधील अंतर हाच या उपचाराच्या जन्माचा इतिहास आहे. चित्रपट ते अंतर हलक्या विनोदाने, गाण्यांनी आणि प्रसन्न छायाचित्रणाने सुसह्य करतो. वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ मध्ये अर्थसाह्य नाकारले, चर्चने व वृत्तपत्रांनी विरोध केला, ही बाह्य संकटे ठसठशीत उतरली आहेत. एक-एक भ्रूण का वाढले नाही, संप्रेरकांचा मार्ग का सोडावा लागला, लघवीतील संप्रेरकाची दर तीन तासांनी चाचणी करून अपरात्री बीज काढण्याची वेळ कशी गाठली जाई, ही अंतर्गत कसोटी मात्र त्या मानाने फिकी राहते. वास्तविक नाट्य येथेच अधिक होते. तरीही मूल न झालेल्या स्त्रीलाच नायिका करून या चित्रपटाने यशाच्या रूढ शेवटाला एक भेग पाडली आहे, ही गोष्ट लहान नाही.

कथा जुलै १९७८ मधील जन्माशी थांबते. त्यानंतर स्टेप्टो शासकीय आरोग्यसेवेतून निवृत्त झाले आणि ओल्डहॅममधील काम बंद पडले. केंब्रिजजवळील बोर्न हॉल येथे खासगी चिकित्सालय सुरू होण्यास १९८० साल उजाडावे लागले. पर्डी तेथेही प्रयोगशाळेच्या कामात होत्या. मधल्या काळात लुईसची छायाचित्रे जगभर छापली जात होती आणि ओल्डहॅमच्या यादीतील उरलेल्या स्त्रियांसाठी उपचाराची कोणतीही तारीख ठरलेली नव्हती.